ठिणगीकाकू आणि आतले

माझ्या घरमालकीणबाईंना भांडता येत नसे. हे वरोऱ्यात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, कारण भांडावं कसं हे उभ्या महाराष्ट्राला टीव्हीवरून शिकवलं ते याच बाईंनी. टीव्ही काळा-पांढरा होता तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी मराठी मालिकेतल्या बायका एक तर रडायच्या, नाही तर आल्यागेल्याला चहा द्यायच्या. हसवण्याचं काम पुरुषांकडे. अशा दिवसांत दर आठवड्याला अर्धा तास एक ठेंगणी बाई पदर खोचून चाळीच्या गॅलरीत यायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना अशी धुऊन काढायची की लोक हसून हसून लोळायचे. मालिकेतलं तिचं नाव ठिणगीकाकू. पुढे विनोद करणाऱ्या बायका टीव्हीवर खूप आल्या, पण वाट पाडली ती आमच्या झाडीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या बाईनं, हे इकडे अजून अभिमानानं सांगतात.

मी मूळची घुग्घुसची. वरोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बाईंनीच दार उघडलं. सत्तरी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, हातात लसूण.

"खोली भाड्यानं द्यायची आहे ना?" मी विचारलं.

बाईंनी मान जराशी डावीकडे कलती केली, एक भुवई वर चढवली, नजर दाराच्या कडेला नेली आणि तशाच थांबल्या. ही त्यांची अदा माझ्या आईनं लग्नाआधी पाहिली होती आणि मी मोबाइलवर. मालिका जन्मात न पाहिलेली पोरंसुद्धा त्या अदेवर रील करतात. मला खदाखदा हसू आलं. तेवढ्यात दारामागून एका पुरुषाचा हलका आवाज आला.

"बसा म्हणा."

"बसा," बाई म्हणाल्या.

"पाणी घेता का?"

"पाणी घेता का?"

"खोली वरती हाय, नळ खालती हाय."

"खोली वरती हाय, नळ खालती हाय."

आता उत्तर बाईंना द्यावं की दाराला, हे मला कळेना. मी दोघांच्या मधोमध बघून "चालेल" म्हटलं.

दारामागे मास्तर होते. उंच, वाळकुडे, एका स्टुलावर बसलेले. मागच्या खोलीत राहायचे. सारी उमर त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं होतं. ज्यांनी ही नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगते: दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात. नट एका गावचा, नटी दुसऱ्या गावची, खलनायक तिसऱ्या गावचा. सगळे त्याच दिवशी संध्याकाळी भेटतात, चहा पितात आणि तोंडाला रंग लावतात. तालीम बहुतेक वेळा होतच नाही. मग पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर एकेक वाक्य सांगतो आणि नट ते झेलून प्रेक्षकांपुढे फेकतो. पहिल्या रांगेला प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो आणि त्याचं कुणालाही काही वाटत नाही. वडशाकडच्या एका खेड्यातली धानाच्या बांधावर वाढलेली मुलगी, म्हणजे आमच्या बाई, या धंद्यात आली, गाजली, आणि तिच्या कानात पहिल्यापासून आवाज होता तो मास्तरांचा.

यातून झालं एवढंच की बाईंची आपल्या मनानं बोलायची सवय सुटली ती सुटलीच. स्वयंपाक, शिवण, हिशेब, सगळ्यात हुशार बाई. पण समोर माणूस आला की कान विंगेकडे. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायच्या तेव्हासुद्धा सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे असायच्या. पाठ नव्हतं असं नाही. आधी कुणी म्हटल्याशिवाय आपण म्हणायचं कसं, हा त्यांचा प्रश्न.

मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "मी माह्या मनानं काई बोलली तं मलेच खोटं वाटते." आणि लगेच दाराकडे पाहिलं, हे बरोबर झालं का म्हणून.

टीव्हीची हकिगत मला मास्तरांनी सांगितली. मास्तर कौतुक करायचे नाहीत. बाईंचा विषय निघाला की ते एखाद्या गाडीचं इंजिन समजावून सांगावं तसे बोलायचे.

मुंबईच्या एका दिग्दर्शकानं बाईंचं नाटक पाहिलं आणि त्यांना मालिकेत घेतलं. पहिल्या दिवशी चाळीचा सेट लागला, दिवे लागले, बाई गॅलरीत आल्या आणि प्रॉम्प्टरची वाट पाहू लागल्या. मुंबईच्या स्टुडिओत कसला प्रॉम्प्टर. बाईंनी मान कलती केली, भुवई वर चढवली, विंग असायला पाहिजे तिकडे नजर नेली आणि थांबल्या. आवाज येईना. बाई आणखी थांबल्या. इकडे वायरी धरणारे लोक तोंड दाबून हसायला लागले. दिग्दर्शकानं ताबडतोब सगळ्यांना सांगितलं, "असा पॉज मराठीत कुणी घेतला नाही."

"पॉज कायचा," मास्तर मला म्हणाले. "घाबरली होती थे."

मग बाईंनी निरोप पाठवून मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर एक पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला गेले आणि सेटवरच्या खोट्या स्वयंपाकघरात, खोट्या चुलीमागे जाऊन बसले. बाईंची गाडी रुळावर आली. अडचण एकच झाली. मास्तरांना झाडीतल्या मांडवाची सवय, त्यामुळे त्यांची कुजबूज मायक्रोफोनमध्ये यायची. ठिणगीकाकूच्या घरात पुरुष कोण बोलतो, असं प्रेक्षक विचारू लागले. दिग्दर्शक हुशार माणूस. त्यानं मास्तरांना हाकलण्याऐवजी ठिणगीकाकूला एक नवरा देऊन टाकला. कधीच न दिसणारा, आतून पुटपुटणारा. काकू त्याला "आतले" म्हणायची. साऱ्या चाळीला गदागदा हलवणारी ही बाई आतल्यानं सांगितल्याशिवाय एक शब्द बोलत नाही, याची लोकांना इतकी गंमत वाटली की मालिका आणखी काही वर्षं चालली.

मास्तर मात्र स्वतःला नट मानायला कधी तयार झाले नाहीत. दिग्दर्शकानं त्यांना फक्त "जेवायला वाढ" एवढंच वाक्य द्यायचं ठरवलं तर त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, मी वाक्य देतो, घेत नाई.

मालिका संपली तेव्हा बाईंनी वरोऱ्याला घर बांधलं. रेल्वेचं गाव, मुंबईहून बोलावणं आलं तर जायला सोपं. मास्तरांनी पुढच्या कामापर्यंत म्हणून मागच्या खोलीत ट्रंक ठेवली. पुढचं काम काही आलं नाही आणि ट्रंक तिथंच राहिली.

लोक त्यांना नवरा-बायकोच समजत. दोघं बाजारात निघाली की कुणीतरी विचारायचंच, "आज आतले बाहेर कसे?" खरं तर त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, एकमेकांशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. लोकांचा गैरसमज दूर करावा असं बाईंना वाटत असेल, पण ते वाक्य त्यांना कुणी दिलं नव्हतं. आणि मास्तरांचं म्हणणं असं की प्रॉम्प्टरनं प्रेक्षकांशी परस्पर बोलायचं नसतं.

बाजारात बाईंची फार पंचाईत व्हायची. भाजीवाल्या मुद्दाम किडकी वांगी पिशवीत टाकायच्या आणि कमरेवर हात ठेवून वाट पाहायच्या. बाईंनी तोंड सोडावं, आपल्याला चार शिव्या मिळाव्यात, मग चांगली वांगी द्यावीत, असा त्यांचा बेत. बाई ती किडकी वांगी मुकाट्यानं घरी आणायच्या. आमच्या गल्लीत तर नवी सून आली की तिला पाया पडायला घेऊन येत आणि म्हणत, "बाई, हिले थोडकसं बोला. शुभ असते." बाई दाराकडे पाहायच्या. दारामागून मास्तर म्हणायचे, "काऊन गं, पदर सांभाळता येत नाई आन संसार सांभाळाले आली?" बाई तेच असं काही म्हणायच्या की सून लाजून लाल व्हायची आणि सासू धन्य व्हायची. मग बाई आत जाऊन त्या मुलीसाठी लाडू आणायच्या, हे मात्र कुणीही न सांगता.

खरं भांडण करायची पाळी एकदाच आली. समोरच्या भाऊंचा ट्रक होता. घुग्घुसहून सिमेंट आणायचे आणि ट्रक नेमका बाईंच्या फाटकासमोर लावायचे. बाईंना तिरकं होऊन बाहेर पडावं लागे. बरेच दिवस त्या तशा तिरक्या पडल्या. शेवटी मीच चिडले.

"त्याइले सांगा ना ट्रक हटवाले."

"काय सांगू?" बाई म्हणाल्या. "तू लिहून दे."

मी बसून दोन पानं लिहिली. मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली, तीन शब्द खोडले आणि स्टूल दारामागे ओढलं. बाई पदर खोचून ओट्यावर उभ्या राहिल्या. भाऊ ट्रकमधून उतरत होते.

"काऊन हो," बाई कडाडल्या, "ट्रक लावून राह्यले का माह्या दारात किल्ला बांधून राह्यले? पाहुणा आला तं त्याले वाटते बाई मेली, न्यायले गाडी आली. थो तिकडूनच रडत वापस जाते."

भाऊंचा चेहरा उजळला. "थांबा बाई, थांबा," ते म्हणाले आणि घरात पळाले. बायकोला आणलं, पोरांना आणलं, म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं. मग हात जोडून म्हणाले, "आता पयल्यापासून म्हणा. बुढीनं सुरुवात नाई आयकली."

बाईंनी पहिल्यापासून म्हटलं. म्हातारी हसता हसता खुर्चीवरून घसरली. ट्रक तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी तर हातभर आणखी आत घुसला, पुढचा अंक व्हावा म्हणून.

चंद्रपूरला एकदा बाईंचा सत्कार झाला. मास्तरांना स्टेजवर खुर्ची नव्हती, ते मागच्या रांगेत माझ्याशेजारी. बाई माइकसमोर गेल्या, मान कलती केली, भुवई चढवली. सभागृह हसलं. बाई थांबल्या. सभागृह आणखी हसलं. मास्तर मागून "सन्माननीय अध्यक्ष" म्हणून ओरडायला लागले तर एका कार्यकर्त्यानं त्यांना गोंधळ घालणारा समजून बाहेर नेलं. बाईंनी शेवटी "नमस्कार" म्हटलं आणि जागेवर येऊन बसल्या. भाषण अप्रतिम झालं, असं सगळेच म्हणत होते. येताना बसमध्ये मास्तर तोंड फुगवून बसले होते आणि बाई त्यांना एकामागून एक शेंगदाणे सोलून देत होत्या. मला त्या दोघांचा फार लळा लागला होता. घुग्घुसला माझ्या आईला मी फोनवर त्यांच्याशिवाय दुसरं काही सांगत नसे.

मग गेल्या हिवाळ्यात मास्तर नळाजवळ घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण पाय सुजला. आलापल्लीहून त्यांचा पुतण्या आला. जंगल खात्याच्या लाकूड डेपोत नोकरीला, अगदी सरळ माणूस. त्यानं मास्तरांचा पाय चोळला आणि हळूच म्हणाला, "मोठेबाबा, आता घरी चला. तुमच्यासाठी खोली बांधली. संडास-बाथरूम आतच हाय. या उमरीत तुमी दुसऱ्याच्या घरी राह्यले तं लोक मले काय म्हणतीन?"

मास्तर मान डोलवून "हाव" म्हणाले. रविवारी जीप घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

मला धक्काच बसला. मी मास्तरांच्या खोलीत गेले. ते ट्रंकेत कपडे ठेवत होते.

"मास्तर, खरंच जाऊन राह्यले?"

"पुढच्या कामापर्यंत राह्यतो म्हणलं होतं," मास्तर म्हणाले. "आता कोणतं काम येते? काम नाई तं मानूस कायले थांबन?"

"बाई काय म्हणल्या?"

"त्याइले कोणी सांगतलं नाई तं त्या काय म्हणतीन." त्यांनी एक धोतर दोनदा घडी केलं. "आन हे वाक्य मी सांगू शकत नाई. आपल्यासाठी आपणच प्रॉम्प्टिंग केलं तं थे मागणं झालं."

म्हणजे बाईंनी थांबा म्हटलं तर हा माणूस थांबणार होता. म्हटलं नाही तर जाणार होता. आणि बाईंना म्हणता येत नव्हतं. सत्तरीतली दोन माणसं अशी अडून बसलेली पाहून मला हसूही येईना आणि रागही आवरेना.

शनिवारी दुपारी बाई गच्चीवर आल्या. मी कपडे वाळत घालत होते. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"मले लिहून दे," त्या म्हणाल्या.

"काय लिहू?"

"मास्तर थांबतीन, असं."

मी जीव ओतून लिहिलं. मास्तर, या घराच्या भिंतींना तुमच्या आवाजाची सवय झाली आहे. विंगेतला आवाजच निघून गेला तर नटीनं कुणाच्या भरवशावर उभं राहायचं? असं बरंच काही. खाली ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही गच्चीच्या कोपऱ्यात तालीम केली. मी सांगितलं, बाईंनी म्हटलं. इतकं सुंदर म्हटलं की मला रडू फुटलं. बाईंच्याही डोळ्यांत "भरवशावर" या शब्दाला पाणी आलं. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा बरोबर त्याच शब्दाला आलं. मला वाटलं, झालं काम.

रविवारी सकाळी जीप आली. तिला जागा करून द्यायला भाऊंनी पहिल्यांदा आपणहून ट्रक हटवला. गल्लीतले लोक निरोप द्यायला जमले. भाऊंची म्हातारी खुर्ची टाकून बसली. मास्तर सगळ्यांना हात जोडत पुढच्या सीटवर बसले, ट्रंक त्यांच्या मांडीवर. पुतण्या मागे ठेवतो म्हणाला तर ऐकेनात.

मी दारामागे मास्तरांच्या स्टुलावर कागद घेऊन बसले. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. मान कलती झाली, भुवई चढली, नजर माझ्याकडे आली. गल्ली हसली.

"मास्तर, या घराच्या भिंतींना," मी सांगितलं.

बाईंनी वाक्य उचललं नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, या घराच्या भिंतींना तुमच्या आवाजाची."

"चूप राय वो पोट्टी," बाई म्हणाल्या.

हे कुणीही सांगितलेलं नव्हतं. कागद माझ्या हातात तसाच राहिला. बाई जीपजवळ गेल्या आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटल्या.

मास्तरांनी कानामागे हात नेला. "काय म्हणता? मागं आयकू येत नाई."

"तुमी गेले तं मले गमणार नाई," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे करमण्याला गमणं म्हणतात. चार दिवसांसाठी बहीण गावाला निघाली तरी हेच म्हणतात, इतकं रोजचं वाक्य. आणि बाईंनी ते म्हटलं तेही फार वाईट म्हटलं. आवाज नको तिथं फाटला, जोर नको त्या शब्दावर पडला, पॉज तर घेतलाच नाही. गल्लीत दोघंतिघं सवयीनं हसले. म्हातारी खुर्चीतून त्यांच्यावर खेकसली, "चूप राहा रे. हे नाटक नाई."

बाईंचा चेहरा लाल झाला होता. पण त्या हटल्या नाहीत. "नाई गमणार म्हणते ना मी," त्या आणखी मोठ्यानं म्हणाल्या. "काम नसलं तं नसू द्या. तुमी राहा."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी वळून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी कडक, पुस्तक हातात असताना व्हायचा तसा.

"तू लिहून देल्लं का?"

"नाई मास्तर," मी म्हटलं. "माह्यं तं त्याइनं म्हटलंच नाई."

मास्तरांनी ट्रंकेवरचे दोन्ही हात उचलले. मग पुतण्याला म्हणाले, "ट्रंक उतरव."